पित्त, सायनस की अर्धशिशी? डोकेदुखीच्या रुग्णाला डॉक्टर कसे तपासतात

"पित्त चढलं की डोकं धरतं, उलटी झाली की उतरतं." महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य ऐकू येतं. सांगणाऱ्याच्या लेखी निदान झालेलं असतं, आता फक्त पित्ताची गोळी लिहून हवी असते. समोरचे डॉक्टर मात्र त्याच वाक्यातून वेगळंच टिपत असतात. डोकं अधूनमधून दुखतं, मधले दिवस बरे जातात, दुखण्यासोबत मळमळ असते, उलटी झाली किंवा झोप लागली की उतार पडतो. ही अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची, अगदी नमुनेदार हकीकत झाली. पोट बिघडल्यामुळे डोकं दुखलेलं नसतं. मायग्रेनच्या झटक्यात जठराची हालचालच मंदावते, म्हणून मळमळतं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, याची नुसती अदलाबदल झालेली असते, पण तिच्यापायी माणसं वर्षानुवर्षं चुकीच्या गोळ्या घेत राहतात.

असाच दुसरा लाडका संशयित म्हणजे सायनस. कपाळ दुखतं, गालाची हाडं दुखतात, नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा सायनसच असणार, असं रुग्णाला वाटतं आणि बऱ्याचदा डॉक्टरांनाही. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'सायनसची डोकेदुखी' असं स्वतः ठरवलेल्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या जवळपास तीन हजार लोकांना नीट प्रश्न विचारले गेले, तर त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनची निघाली. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी नस मायग्रेनमध्ये चेतवली जाते आणि तिच्यामुळेच नाक व डोळे पाझरू शकतात. खरा सायनसचा जंतुसंसर्ग असेल तर नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव येतो, वास येईनासा होतो, बरेचदा ताप असतो, आणि संसर्ग गेला की दुखणंही जातं. दर महिन्याला येऊन दोन दिवसांत आपोआप जाणारा सायनस जरा संशयास्पदच.

चष्म्याचा नंबर आणि बीपी यांच्यावरही असाच विनाकारण आळ येतो. रक्तदाब थोडाफार वाढल्याने सहसा डोकं दुखत नाही. तो १८०/१२० च्या आसपास किंवा त्यापलीकडे गेला तर गोष्ट वेगळी. उलट डोकं ठणकत असताना मोजलेला रक्तदाब वेदनेमुळेच वर गेलेला असू शकतो.

दुखतं नेमकं काय?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणूनच काही शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवर काम करता येतं. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, मोठ्या रक्तवाहिन्या, कवटीबाहेरचे स्नायू, डोळे, दात, सायनसच्या पोकळ्या आणि मानेचे वरचे सांधे. यांतल्या बऱ्याच भागांची वेदना ट्रायजेमिनल नावाची नस मेंदूकडे पोचवते. मानेच्या वरच्या भागातल्या नसा जिथे येऊन मिळतात तिथेच या नसेचेही धागे उतरतात. त्यामुळे मायग्रेनच्या रुग्णाची मानही दुखते. मग मानेचा एक्स-रे काढला जातो, चाळिशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते तशी थोडी झीज त्यात दिसते आणि 'मणक्यात गॅप आहे' असं नवं निदान फाइलीला चिकटतं.

डोकेदुखीचे दोन ढोबळ गट आहेत. एका गटात डोकेदुखी हाच आजार असतो. मायग्रेन, ताणाची डोकेदुखी आणि क्लस्टर (थोड्या वेळाचे, पण दिवसातून अनेकदा येऊ शकणारे तीव्र झटके) ही त्यातली मुख्य नावं. दुसऱ्या गटात ती वेगळ्याच कशाची तरी खूण असते: मेंदूज्वर, मेंदूतला रक्तस्राव, गाठ, काचबिंदू, डेंग्यू, काहीही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात दोन्ही गट मिळून शेकडो प्रकार-उपप्रकार आहेत. दवाखान्यात येणाऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा पहिल्या गटातला असतो. तरी डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न दुसऱ्या गटाचाच असतो, कारण तिथे चुकलं तर किंमत मोठी असते.

खरी तपासणी प्रश्नांची

मायग्रेन दाखवणारी कुठलीही रक्तचाचणी नाही. स्कॅनमध्येही तो दिसत नाही. निदान होतं ते रुग्णाच्या सांगण्यावरून. त्यामुळे चांगले डॉक्टर डोकेदुखीच्या रुग्णाला प्रश्न विचारण्यात जास्त वेळ घालवतात आणि प्रत्यक्ष तपासण्यात कमी. याने काही रुग्ण नाराज होतात ("नुसतंच बोलले, तपासलं कुठे?"), पण त्या बोलण्यातच सगळी मेख असते.

पहिला प्रश्न, हे दुखणं किती दिवसांचं? इथे रुग्णाची आणि डॉक्टरांची भीती उलट्या दिशांनी चालते. रुग्णाला वाटतं, वीस वर्षांपासून दुखतंय म्हणजे आत काहीतरी मोठं असणार. डॉक्टरांना मात्र वीस वर्षं त्याच प्रकारे येणारी डोकेदुखी ऐकून हायसं वाटतं, कारण मेंदूतली घातक गाठ वीस वर्षं गप्प बसत नाही. त्यांचे कान टवकारतात ते "तीन आठवड्यांपासून आहे आणि रोज वाढतंय" किंवा "नेहमी दुखतं तसं हे नाही" असं ऐकल्यावर.

मग वेळेचा हिशेब. औषध न घेता मायग्रेनचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. ताणाची डोकेदुखी अर्ध्या तासापासून आठवडाभरापर्यंत कितीही. क्लस्टरचा झटका १५ मिनिटं ते ३ तास, पण दिवसातून अनेकदा येऊ शकतो. आणि दात घासताना, दाढी करताना किंवा गार वारा लागताच गालात काही सेकंद विजेचा झटका बसल्यासारखी कळ येत असेल, तर ती डोकेदुखी नसून ट्रायजेमिनल नसेचं दुखणं असतं. त्याचं औषध वेगळं. ते न ओळखल्यामुळे लोक निरोगी दाढा काढून बसलेले असतात.

कुठे दुखतं, ठणकतं की आवळतं, हेही विचारतात. मायग्रेन बहुधा एका बाजूला ठणकतो, जिना चढला किंवा वाकलं की वाढतो. मात्र नाव अर्धशिशी असलं तरी बऱ्याच जणांचं दोन्ही बाजूंनी दुखतं, आणि मुलांमध्ये तर तसं होणं नेहमीचंच. ताणाच्या डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पण माणूस काम करत राहू शकतो.

सगळ्यांत उपयोगी प्रश्न मला वाटतो तो हा: "काकू, डोकं दुखतं तेव्हा तुम्ही काय करता?" काकू म्हणाल्या, "खिडक्या लावून, पंखा लावून, डोक्याला फडकं घट्ट बांधून पडून राहते. कुणी बोललेलं, टीव्हीचा आवाज, काही सहन होत नाही, फोडणीच्या वासानेही ढवळतं," तर मायग्रेन. काका म्हणाले, "एका जागी बसवत नाही, रात्री दोनला उठून येरझारा घालतो, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं," आणि त्या वेळी एकाच बाजूचा डोळा लाल होऊन त्यातून पाणी येत असेल, तर क्लस्टर. या एका उत्तराची बरोबरी एमआरआयला करता येणार नाही.

घाईच्या ओपीडीत तीन प्रश्नांवरही काम भागतं. गेल्या तीन महिन्यांत डोकेदुखीमुळे एखादा दिवस तरी काम अडलं का? दुखताना मळमळतं का? उजेडाचा त्रास होतो का? तिन्हींपैकी दोनांना हो असेल तर मायग्रेनची शक्यता बरीच.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, नजरेत एक रिकामा डाग तयार होऊन हळूहळू पसरतो, बोटांतून मुंग्या येत येत ओठापर्यंत पोचतात. याला ऑरा म्हणतात. प्रत्येक लक्षण साधारण पाच मिनिटं ते तासभर टिकतं. पक्षाघातात लक्षणं एका क्षणात, एकदम येतात. ऑरात ती सरकत येतात. स्त्रियांच्या बाबतीत ही माहिती आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. ऑरासह मायग्रेन असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायला सांगतात, कारण दोन्ही मिळून पक्षाघाताचा धोका वाढतो. धूम्रपान असेल तर आणखीच. गोळ्या सुरू करताना हे विचारलं गेलं नसेल तर बाईंनी आपणहून सांगावं.

मासिक पाळीशी संबंध, झोप, घोरणं (घोरणाऱ्याचं सकाळी उठल्यावर डोकं दुखत असेल तर झोपेत श्वास अडकण्याची शंका येते), आईचं किंवा मावशीचं डोकं दुखायचं का, हे सगळं विचारून होतं. शेवटी दोन आकडे हवे असतात. महिन्यातले किती दिवस डोकं दुखतं, असं विचारलं तर रुग्ण फक्त मोठे झटके मोजतो. म्हणून अनुभवी डॉक्टर प्रश्न फिरवून विचारतात: डोकं अगदी मोकळं असे महिन्यात किती दिवस? "चार वेळा दुखतं" म्हणणारी बाई मग विचार करून सांगते, "अगदी मोकळं असं… पाच-सहा दिवस असेल." चित्रच बदलतं. दुसरा आकडा गोळ्यांचा, त्याकडे पुढे येतो.

कधी थांबायचं नाही

काही खुणा दिसल्या की प्रश्नोत्तरं आवरती घेऊन थेट मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरायचा असतो. एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी त्यांत पहिली. मेंदूच्या पृष्ठभागावरची फुगलेली धमनी फुटली असेल तर अशीच सुरुवात होते. इथे तास महत्त्वाचे. पहिल्या सहा तासांत केलेला सीटी स्कॅन असा रक्तस्राव जवळजवळ हमखास पकडतो. उशीर झाला की त्याची खात्री कमी होते आणि मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून पाहावं लागतं. "गोळी घेऊन बघू, सकाळपर्यंत उतरेल" हे इथे चालत नाही, आणि गोळीने थोडं उतरलं म्हणजे धोका टळला असंही नाही.

ताप, डोकेदुखी आणि आखडलेली मान एकत्र आली तर मेंदूज्वराचा विचार. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर खास लक्षात ठेवावा लागतो, कारण तो दबक्या पावलांनी येतो: दोन-तीन आठवडे डोकं दुखतं, बारीक ताप येतो, भूक जाते, माणूस चिडचिडा किंवा सुस्त होतो, आणि घरच्यांना ते टायफॉइड किंवा अशक्तपणा वाटतो. पावसाळ्यात अचानक चढलेला ताप आणि डोळ्यांच्या मागे ठणका असेल तर डेंग्यूची शंका घ्यायची आणि अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलवर राहायचं, कारण रक्तस्रावाचा धोका असतो.

बाळंतिणीची डोकेदुखी हा वेगळा विषय. बाळंतपणाच्या आसपास रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात आपल्याकडे अजूनही काही घरांत बाळंतिणीला पाणी बेतानेच देतात, पोट सुटेल म्हणून. शरीरातलं पाणी कमी झालं की मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होण्याची भीती वाढते. बाळंतपणानंतरच्या दिवसांत डोकं सतत आणि वाढत्या प्रमाणात दुखत असेल, उलट्या होत असतील, झटका आला असेल किंवा हातापायातली शक्ती कमी वाटत असेल, तर शेकशेगडीत वेळ घालवू नये. गरोदरपणात पाच महिन्यांनंतर सुरू झालेल्या डोकेदुखीत आधी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासतात.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, केस विंचरताना कानशील हुळहुळतं, घास चावता चावता जबडा दुखून थांबावं लागतं, असं कुणी सांगितलं तर कानशिलाच्या धमनीला सूज असण्याची शक्यता असते. भारतात हा आजार तुलनेने कमी दिसतो, पण चुकला तर दृष्टी जाते, तीही कायमची. म्हणून ईएसआर, सीआरपी या रक्तचाचण्यांना पाठवतानाच स्टिरॉइड सुरू करतात, धमनीच्या तुकड्याच्या अहवालाची वाट पाहत बसत नाहीत.

याशिवाय कर्करोग किंवा एचआयव्ही असलेल्याची नवी डोकेदुखी, डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारी, खोकल्यावर किंवा कुंथल्यावर उठणारी, उभं राहिलं की सुरू होऊन आडवं पडलं की जाणारी, आणि अर्थातच बोबडी वळणं, एका बाजूची शक्ती जाणं, एकाचे दोन दिसणं, शुद्ध हरपणं. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावून आंघोळ करताना डोकं दुखून गरगरायला लागलं तर ते कार्बन मोनॉक्साइडचं विष असू शकतं. तिथे डॉक्टरांच्याही आधी मोकळी हवा.

टॉर्च, हातोडी आणि डोळ्याचा पडदा

प्रत्यक्ष तपासणी पाच-दहा मिनिटांची. ताप, रक्तदाब, मान वाकते का, बाहुल्या सारख्या आहेत का, नजर चारही बाजूंना नीट फिरते का, हसताना चेहरा एका बाजूला ओढला जातो का, हात समोर धरल्यावर एखादा खाली येतो का, सरळ रेषेत पाऊल जोडून चालता येतं का. कानशील, जबड्याचा सांधा, मानेचे स्नायू दाबून पाहतात.

यातलं सर्वांत मोलाचं आणि सर्वांत जास्त वगळलं जाणारं काम म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्याच्या आत पाहणं. दृष्टीची नस जिथे पडद्याला मिळते ती चकती सुजलेली असेल तर कवटीच्या आतला दाब वाढल्याचा तो पुरावा. गाठ, शिरेतली गुठळी अशी कारणं त्यामागे असतातच, पण वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांमध्ये यांतलं काहीही नसताना निव्वळ दाब वाढण्याचाही एक आजार आहे. त्यात वाकून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात नाडीच्या ठेक्यावर आवाज येतो. वेळेवर कळलं तर वजन घटवणं आणि अॅसिटाझोलामाइडसारखी औषधं यांनी दृष्टी वाचते. आपल्या डॉक्टरांकडे हे यंत्र नसेल तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याचा पडदा तपासून घेता येतो. चष्म्याचा नंबर काढण्यापेक्षा हे वेगळं आहे, हे तिथे स्पष्ट सांगायला हवं.

आणि एमआरआय? धोक्याची एकही खूण नसेल, तपासणी अगदी व्यवस्थित असेल आणि हकीकत मायग्रेनची असेल, तर स्कॅनमध्ये काही गंभीर सापडण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही बरीच कमी असते. बिनमहत्त्वाचं काहीतरी सापडण्याची शक्यता मात्र त्याहून कितीतरी जास्त. एखादा पांढरा ठिपका, एखादी छोटी पाण्याची पिशवी, सायनसमध्ये जाड झालेलं अस्तर. अहवालात ते छापून येतं आणि काही हजार रुपये भरून माणूस नवी काळजी घरी घेऊन जातो. तरीही, भीतीने ज्याची झोप उडाली आहे त्याला कधीकधी डॉक्टर निव्वळ खात्रीसाठी स्कॅन करू देतात. मला ते गैर वाटत नाही, फक्त 'स्कॅन नॉर्मल' म्हणजे 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं कुणी म्हणू नये. मायग्रेनच्या रुग्णाचा स्कॅन नॉर्मलच असतो.

झटका आल्यावर

उपचाराचे दोन भाग: आलेला झटका मोडणं आणि पुढचे झटके कमी करणं. पहिल्यात लोक दोन ठिकाणी गडबड करतात. अगदी असह्य होईपर्यंत गोळी घेत नाहीत, आणि घेतली तर अर्धीच घेतात. मायग्रेनमध्ये जठर मंदावलेलं असल्याने उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते, आणि एकदा वेदनेचं चक्र पुरतं चालू झालं की ते थांबवणं अवघड जातं. म्हणून दुखणं हलकं असतानाच, पुऱ्या मात्रेत औषध घ्यायला सांगतात: प्रौढ व्यक्तीला पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, आयबुप्रोफेन ४०० किंवा नॅप्रोक्सेन ५००, आणि मळमळ असेल तर सोबत डॉम्पेरिडोनसारखं उलटीचं औषध. जठराला व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गर्भारपण असेल तर निवड बदलते. मुलांना अॅस्पिरिन देत नाहीत. तेव्हा हे आकडे दुकानदाराला दाखवण्यासाठी नाहीत.

एवढ्याने भागलं नाही तर ट्रिप्टान गटातली औषधं, सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान वगैरे. ही साधी वेदनाशामकं नव्हेत, खास मायग्रेनसाठी बनलेली आहेत. सुमाट्रिप्टान १९९१ पासून वापरात आहे, तरी आपल्याकडे असंख्य रुग्णांना कुणी कधी ते लिहूनच दिलेलं नसतं. त्यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावत असल्याने हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ट्रिप्टान देत नाहीत.

क्लस्टरची गोष्टच निराळी. पॅरासिटामॉल तिथे निरुपयोगी, कारण गोळी विरघळेपर्यंत झटका ओसरलेला असतो. मास्कमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर वेगाने शुद्ध ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटं दिला की अनेकांचा झटका थांबतो. नाहीतर सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन. पुढचे झटके आटोक्यात ठेवायला व्हेरापामिल, तेही ईसीजीवर लक्ष ठेवून.

आता गोळ्यांचा आकडा. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, किंवा ट्रिप्टान, एर्गोटामाइन (मायग्रेनचं जुनं औषध), कॅफिन मिसळलेल्या मिश्र गोळ्या महिन्यात १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर ज्याला मुळात मायग्रेन आहे त्याची डोकेदुखी औषधामुळेच रोजची होऊन बसते. सावकाराचं देणं फेडायला दुसऱ्या सावकाराकडून उचल घ्यावी, तसा हा फेरा. सकाळी उठताच डोकं जड, चहाबरोबर एक गोळी, दुपारी आणखी एक. किराणा दुकानातही सुटी मिळणारी मिश्र गोळी आणि चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या एर्गोटामाइनच्या गोळ्या, या दोहोंनी आपल्याकडे या फेऱ्यात बरीच माणसं अडकवली आहेत. बाहेर पडायचं तर ती गोळी बंद करावीच लागते. पहिले काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे, दुखणं वाढतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत रुग्ण हताश होऊन परत गोळीकडे वळतो. म्हणून त्या काळासाठी पर्यायी औषध आधीच ठरवून देतात आणि झटके कमी करणारं औषधही सोबतच सुरू करतात. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

झटके कमी करण्यासाठी

महिन्यातले चार-पाच किंवा अधिक दिवस डोकेदुखीत जात असतील, किंवा कमी पण भयंकर झटके येत असतील, तर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध सुचवतात. ही औषधं मुळात दुसऱ्याच आजारांसाठी आलेली, त्यामुळे चिठ्ठी घेऊन घरी गेलेला रुग्ण गोंधळतो. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबाचं, अॅमिट्रिप्टिलीन नैराश्याचं, टोपिरामेट फिट्सचं. "डॉक्टरांनी मला वेडाची गोळी दिली" असं म्हणून ती कचऱ्यात जाते. खरं तर अॅमिट्रिप्टिलीनची इथली मात्रा नैराश्यासाठी लागते त्याहून बरीच कमी असते, आणि वारंवार होणाऱ्या ताणाच्या डोकेदुखीतही तेच औषध वापरतात. निवड रुग्ण पाहून होते. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल नको. झोप न येणाऱ्याला रात्रीची अॅमिट्रिप्टिलीन सोयीची. वजन वाढायला नको असेल तर टोपिरामेट, पण त्याने बोटांना मुंग्या येतात आणि कधी शब्द आठवत नाहीत. फ्लुनारिझिन आपल्याकडे भरपूर वापरतात, त्याने वजन आणि सुस्ती वाढू शकते. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीला व्हॅल्प्रोएट (हेही मुळात फिट्सचंच औषध) देऊ नये, बाळाला गंभीर इजा होते; टोपिरामेटबाबतही हीच खबरदारी.

मात्रा अगदी थोडी ठेवून सुरुवात करतात आणि सावकाश वाढवतात. परिणाम कळायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलणाऱ्याला पुढचे डॉक्टर पुन्हा पहिल्या पायरीवरूनच सुरू करतात. झटके निम्म्यावर आले तर औषध लागू पडलं असं धरतात, आणि हे मोजायला डायरी लागते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी डोकेदुखीच्या दिवशी फुली, गोळी घेतली त्या दिवशी गोल, पाळीचे दिवस वेगळ्या रंगाने. एवढं तीन महिने केलेलं पान डॉक्टरांपुढे ठेवलं की अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळतात.

त्याच पानावर झटका चेतवणाऱ्या गोष्टीही दिसायला लागतात. जागरण, उपाशी राहणं, ऊन, एसटीचा लांबचा प्रवास, अत्तर-उदबत्तीचा वास. संकष्टीला दिवसभर काही न खाता चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या किती बायकांचं डोकं नेमकं संध्याकाळी धरतं! मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. डोक्यावरून न्हाल्यावर मायग्रेन उठणारे हे रुग्ण. पाश्चात्त्य पुस्तकांत न आढळणारं हे कारण आपल्या घरोघरच्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. केस सकाळी घाईत धुऊन ओलेच बांधण्याऐवजी नीट वाळवणं, कधी न्हाण्याआधी औषध घेणं, असे साधे उपाय त्यात करता येतात. मात्र चेतवणाऱ्या गोष्टींच्या मागे हात धुऊन लागू नये. सगळं खाणं बंद करून, उन्हात न जाता, घरात कोंडून घेऊनही मायग्रेन राहतोच, कारण मूळ प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. झोपेची आणि जेवणाची वेळ ठरलेली असणं आणि रोज थोडं चालणं, एवढ्यावर भर दिलेला पुरतो.

जुनी औषधं लागू पडली नाहीत तर आता आणखी वाटा आहेत. मायग्रेनच्या झटक्यात नसांच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं. ते अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून आली. या शोधामागच्या चार शास्त्रज्ञांना, लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना, २०२१ चा ब्रेन प्राइझ हा मेंदूविज्ञानातला पुरस्कार मिळाला. मायग्रेनसाठीच घडवलेलं हे पहिलं प्रतिबंधक औषध, आणि त्रासही कमी, पण महिन्याचा खर्च आपल्याकडे बहुतेकांना झेपणारा नाही. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोकं दुखणाऱ्या जुनाट मायग्रेनसाठी कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू आणि मान-खांद्यांत मिळून ३१ ठिकाणी बोटॉक्सची बारीक इंजेक्शनं दर १२ आठवड्यांनी देतात.

आणि प्रतिबंधक औषध जन्मभराचं नसतं. सहा महिने ते वर्षभर झटके आटोक्यात राहिले की मात्रा हळूहळू उतरवत नेऊन थांबवून पाहतात. प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध एकदम तोडायचं नसतं, नाडी आणि रक्तदाब उसळतात. काहींना पुढे कित्येक वर्षं पुन्हा लागत नाही, काहींना परीक्षेच्या किंवा लग्नसराईच्या धामधुमीत परत सुरू करावं लागतं. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षं झटके वाढतात आणि पाळी कायमची थांबल्यावर बऱ्याच जणींचे कमी होतात, तेव्हा त्या वयात औषध बंद करायचा मुहूर्त थोडा पुढे ढकललेला बरा.